‘स्लो लर्नर’ पोरं नाहीत, वाट अवघड केलेली आहे!

अणदूरसारख्या गावातली मुलगी दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकते. आम्ल, आम्लारी, संयुजा, क्षपण हे शब्द तिला तोंडपाठ असतात. अकरावी सायन्सला गेली की रसायनशास्त्राचे अख्खे पुस्तक इंग्रजीत! तिथे ॲसिड, बेस, व्हॅलन्सी, रिडक्शन. पहिल्या चाचणीत मार्क कमी पडतात आणि तिच्या नावापुढे शिक्का बसतो, ‘स्लो लर्नर’. त्यात ती आपल्या वस्तीतली असेल तर पाठीमागून कुजबुजही ऐकू येते, ‘सवलतीवर आलेत, झेपणार कसं?’

हा शिक्का नीट तपासला पाहिजे. नॅकच्या मूल्यांकनात महाविद्यालयांना स्लो लर्नर आणि ॲडव्हान्स्ड लर्नर ओळखून त्यांच्यासाठी काय केले ते दाखवावे लागत असे. हेतू चांगला आहे. पण यादी मार्कांवरून होते. आईबाप ऊसतोडीला गेले म्हणून कोणाची शाळा किती महिने बुडाली, संध्याकाळी कोण मजुरीला जातो, शाळेतले गुणोत्तर कोणाचे कच्चे राहिले, याचा रकाना त्या यादीत नसतो. गुणोत्तर कळले नसेल तर मोल कसा कळणार?

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिले नाही, म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. संस्कृतच्या मार्कांवरून त्यांची बुद्धी मोजली असती तर उत्तर शून्य आले असते. ते शून्य कोणाचे? विद्यार्थ्याचे, की दार बंद करणाऱ्यांचे?

चूळपंथकाची गोष्ट आपल्या विहारांत सांगितली जाते. चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना, म्हणून सख्ख्या भावाने त्याला संघातून जायला सांगितले. तथागतांनी त्याच्या हाती पांढरे वस्त्र दिले आणि ते चोळत राहायला सांगितले. वस्त्र मळत गेले, तसे त्याला अनित्य कळले. विद्यार्थी तोच होता. बदलली ती शिकवण्याची रीत आणि साधन.

आज ते साधन मोबाइलमध्ये आहे. अणू-रेणू डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून फळ्यावरची समीकरणे पाठांतर होऊन बसतात. नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पात मुले पडद्यावर रेणू मोजून समीकरण संतुलित करतात. हायड्रोजनचे २ रेणू आणि ऑक्सिजनचा १ रेणू मिळून पाण्याचे २ रेणू का होतात, हे तिथे दिसते. हे मोफत आहे, एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालते आणि त्यातले बरेचसे मराठीतही आहे. शिवाय व्हिडिओ पाचव्यांदा मागे नेला तरी कोणी हसत नाही. वर्गात पाचव्यांदा विचारायची हिंमत ज्याला होत नाही, त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

पण भुलून जाऊ नका. घरात एकच मोबाइल असेल तर तो आधी भावाच्या हातात जातो, बहिणीच्या नाही. ॲप दिले म्हणून शिक्षकाची रिकामी जागा भरत नाही. पडद्यावरचे टायट्रेशन हाताने ब्युरेट धरण्याची जागा घेत नाही. डिजिटलच्या नावाखाली प्रयोगशाळेला कुलूप लागत असेल, तर तो नवा पाणवठा आहे आणि आपण पुन्हा त्याच्या बाहेर आहोत.

म्हणून कार्यकर्त्यांनो, जयंतीच्या वर्गणीतला काही भाग अभ्यासिकेतल्या एका लॅपटॉपसाठी आणि प्रोजेक्टरसाठी ठेवा. रविवारी विहारात दोन तास बसवा. गावातल्या बीएस्सी झालेल्या पोरांकडून शंभर शब्दांची मराठी-इंग्रजी यादी करून घ्या, ती आवाजात रेकॉर्ड करा. आणि महाविद्यालयात जाऊन विचारा, ‘स्लो लर्नरची यादी केली, पुढे काय केले?’ नर्सिंग, फार्मसी, कृषी अशा बऱ्याच वाटा रसायनशास्त्राच्या दारातून जातात.

बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले, ते मराठवाड्यातली पोरं हुशार ठरेपर्यंत थांबले नाहीत. आधी दार उघडले, मग पोरं हुशार निघाली. आपल्यालाही क्रम तोच ठेवायचा आहे.

जय भीम!