शिक्का नसलेले माप

आमच्या आबांचे बेळगावात धान्याचे दुकान. वजनमापे खात्याच्या शिक्क्याची मुदत संपली, की ते वजन आबा काट्याला लावू देत नसत. त्याच आबांच्या मेंदूचे माप मात्र बिनशिक्क्याचे निघाले. माझे भांडण आहे ते याचसाठी.

आबांना विसर पडू लागला तेव्हा मोठ्या शहरातल्या एका इस्पितळात त्यांचा पेट-सीटी स्कॅन झाला. दीड वर्षाने दुसरा झाला, तो पेट आणि एमआरआय एकत्र असलेल्या जोडयंत्रावर. मेंदूच्या बाहेरच्या थरात साखर शोषली जाण्याचे प्रमाण दहा टक्क्यांहून अधिक घटले, आजार बळावला, असे आम्हाला सांगण्यात आले. त्याच आठवड्यात दादाने आबांच्या हातून दुकानाच्या किल्ल्या काढून घेतल्या.

मी जन्मभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवले. म्हणून विचारले, कवटीचा हिशेब कसा धरला?

प्रश्न साधा आहे. टोचलेल्या किरणोत्सारी साखरेतून ५११ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचे गॅमा किरण जोडीने बाहेर पडतात. त्यांतले काही कवटीतच अडतात. किती अडले ते अजमावून मूळ आकड्यात भर घालावी लागते. सीटी हा क्ष-किरणांचाच खेळ, त्याला हाडाची घनता कळते. एमआरआयला दिसतात पाण्यातले आणि चरबीतले हायड्रोजनचे अणू. नेहमीच्या पद्धतीत त्याला घट्ट हाडही काळे आणि नाकामागची हवाही काळी. सुरुवातीच्या जोडयंत्रांत कवटीला मऊ मांस समजूनच हिशेब होई. भर कमी पडे, आणि कवटीलगतच्या भागाचा आकडा खाली येई.

उत्तर आले, "हो, जुनीच पद्धत वापरली आहे." मग घट आजाराची किती आणि यंत्राची किती? कोणालाच सांगता येईना.

मी यंत्राचा वैरी नाही. त्यात किरणांचा मारा कमी, आणि दोन्ही चित्रे एकाच वेळी मिळतात. शिवाय उपायही सापडले आहेत. २०१७ साली ३५९ रुग्णांवर ११ दुरुस्ती-पद्धती पडताळून पाहिल्या गेल्या. हाडाचा हिशेब धरणाऱ्या चांगल्या पद्धतींची सरासरी चूक पाच टक्क्यांच्या आत होती. म्हणजे अज्ञानाची सबब संपली. उरला तो निष्काळजीपणा. कोणी म्हणेल, डॉक्टर चित्र पाहून निदान करतात, आकड्याचे काय एवढे? ठीक आहे, मग आकडा छापता कशाला? आणि त्याच्या जोरावर "आजार बळावला" म्हणता कशाला?

आपण सीमाभागातली माणसे १९५६ पासून कागद कोणत्या भाषेत असावा यावर भांडत आलो. त्या कागदावरचा आकडा आला कुठून, हे विचारायचे मात्र राहून गेले. आता मराठीत विचारा, कानडीत विचारा, पण विचारा. यंत्र कोणते? कवटीचा हिशेब कोणत्या पद्धतीने? यंत्राची तपासणी शेवटची कधी झाली? मागचा स्कॅन याच यंत्रावर, याच पद्धतीने झाला होता का? ही चार उत्तरे अहवालावर छापलेली असलीच पाहिजेत.

दादाने किल्ल्या परत दिल्या आहेत. आबा आजारी आहेत, हे मलाही दिसते. पण किती आजारी, हे सांगणाऱ्याने आधी आपला काटा दाखवावा. आबा प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवत आले, तसा.