वर्ग मोफत आहे, मंजुरी आधी घ्या

मामूंची बदली झाली आणि त्यांची मुलगी जळगावच्या विद्यापीठातून पंचवटीत, आमच्या घरी आली. इथल्या कॉलेजने दोन विषय पुन्हा करायला सांगितले. त्यातला एक तिने 'स्वयम्'वर आधीच पूर्ण केला होता. कॉलेजने तो धरला नाही. आधी विचारलं नव्हतं म्हणे. "भाईजान, वर्ष गेलंच ना?"

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. पोर्टल चालतं, अडतं ते कागदावर. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम्'वरून करता येतात. नोंदणी मोफत, शुल्क फक्त परीक्षेचं. क्रेडिट अ‍ॅकॅडमिक बँकेत जमा होतात. पण कोणत्या विषयाऐवजी कोणता कोर्स चालेल, हे आपलं विद्यापीठ आणि कॉलेजच ठरवतं.

म्हणून मित्रांनो, बहिणींनो, कोर्सला नाव नोंदवण्याआधी कॉलेजकडून लेखी मंजुरी घ्या. आणि कॉलेजांनी चालणाऱ्या कोर्सची यादी प्रवेशाच्या दिवशीच हातात द्यावी. आपल्या अनेक घरांत कॉलेजची पायरी चढणारी मुलगी पहिलीच असते. तिथे एक वर्ष वाया गेलं, की पुढे शिक्षणाऐवजी स्थळांचीच चर्चा सुरू होते.