हवेला जाण्याची वाट

दुपारच्या पांचव्या तासाला तुम्हांस पेंग येते आणि आम्ही शिक्षक तिचा दोष तुमच्या आळसास देतों. गेल्या उन्हाळ्यांत मी एकदां पांच मिनिटें व्हरांड्यांत उभा राहून पुन्हां वर्गांत आलों, तेव्हां माझ्याच नाकानें मला खरें कारण सांगितलें. पन्नास मुलांच्या श्वासानें खोली कोंदून गेली होती. आणि खिडक्या तर सताड उघड्या होत्या!

मग मीं वर पाहिलें. भिंतीच्या माथ्यावरील झरोक्यांना पुठ्ठे ठोकलेले होते. पारवे येतात म्हणून कोणीं तरी सद्धेतूनेंच हें केलें असावें. (पारवे यावयाचे थांबले नाहींत, ही गोष्ट निराळी.) परंतु श्वासानें तापलेली हवा हलकी होऊन छताकडे चढते, तिला वरून जाऊं दिलें, तरच खालच्या खिडकींतून ताजी हवा आंत शिरते. वाऱ्याचेंही तसेंच आहे. समोरच्या भिंतींत त्यास वाट नसेल, तर तो खिडकीशींच थबकतो. छताचा पंखा आंतलीच हवा घुसळतो. नवी आणीत नाहीं.

पेरू देशांतील लिमा शहरीं आठ रुग्णालयांतील खोल्यांची हवा मोजण्यांत आली. तो वृत्तांत २००७ सालीं प्रसिद्ध झाला. दारें-खिडक्या उघडल्या असतां १९५० पूर्वींच्या, उंच छताच्या व मोठ्या खिडक्यांच्या खोल्यांतील हवा तासांत सुमारें ४० वेळां बदले. नव्या खोल्यांतील १७ वेळां. जुनें तें सारें चांगलें असें मी म्हणत नाहीं; जुन्या घरांतील अंधारें माजघर मला मुळींच नको. परंतु आजचीं बुटकीं घरें व त्यांच्या सरकत्या खिडक्या पाहा: काच कितीही सरकवा, निम्मी चौकट झांकलेलीच राहते.

पालकांस एक विनंती आहे. घरांत कोणास क्षय झाला, कीं ‘वारा लागेल’ या भयानें त्यास आंतल्या खोलींत निजवून खिडक्या लावून घेतात. खोकल्यांतून निघालेले जंतू कोंडलेल्या हवेंत तासन्‌तास तरंगत राहतात आणि त्याच हवेंत घरचीं मुलें अभ्यासास बसतात. औषध तर पुरें घ्यावेंच. पण रोग्याची खाट खिडकीशीं आणा व समोरचीही खिडकी उघडा. पांघरुणानें थंडी भागते.

आमच्या वर्गाचे पुठ्ठे काढून आम्हीं तारेची जाळी बसविली. खर्च थोडाच आला. शेजारच्या चार वर्गांचे पुठ्ठे अद्याप तसेच आहेत.