ओसरीवरचा पिंजरा आणि कायदा

२०२४च्या डिसेंबरात टिपेश्वरच्या अभयारण्यातून एक वाघ येडशी-रामलिंगघाट अभयारण्यात येऊन दाखल झाला आणि वन्यजीव संरक्षणाची चर्चा धाराशिव जिल्ह्यात चहाच्या टपरीपर्यंत पोहोचली. तोच कायदा ओसरीवर टांगलेल्या पिंजऱ्यालाही लागू आहे, हे मात्र सुशिक्षितांच्याही गावी नाही.

सर्वसाधारण समजूत नेमकी उलटी आहे. परदेशी पक्षी बाळगणे बेकायदा आणि रानातला राघू पाळणे हा जणू वडिलोपार्जित हक्क! वस्तुतः १९७२च्या कायद्यानुसार राघू हा संरक्षित वन्यपक्षी असून त्याला कोंडणे हा गुन्हा आहे. धनलाभाच्या वेड्या आशेने ठेवलेले स्टार जातीचे कासव तर पहिल्या अनुसूचीत आहे. त्यापायी तीन ते सात वर्षांचा कारावास घडू शकतो. याउलट आफ्रिकेचा करडा पोपट किंवा इग्वाना बाळगण्यास बंदी नाही, नोंदणीची सक्ती आहे. २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, २०२४च्या फेब्रुवारीत नियम निघाले. आता प्राणी ताब्यात आल्यापासून तीस दिवसांत केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावरून नोंद करावयाची असते. ‘लव्हबर्ड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बजरीगारांना ही अट नाही.

मुंबईच्या विमानतळावर बँकॉकहून पिशव्यांतून प्राणी उतरतात, ते सोडून गरिबाच्या मिठूमागे का लागता, असा प्रश्न कोणी करील. प्रश्न रास्त आहे. परंतु तो मिठूही कुणीतरी झाडाच्या ढोलीतून, पिसे फुटण्यापूर्वी, उचलून आणलेला असतो. खटकते ते निराळेच. २०२० साली केंद्राने परदेशी प्राण्यांच्या मालकांना सहा महिन्यांची मुदत दिली. स्वेच्छेने माहिती देणाऱ्यास कागदपत्रे विचारली जाणार नव्हती. हजारो रुपयांचा पोपट बाळगणाऱ्यास ही सवलत, आणि राघू परत करू इच्छिणाऱ्या कारकुनास मात्र गुन्ह्याचे भय! मग तो पिंजरा माजघरात हलवतो, किंवा कधीच न उडालेला पक्षी एका पहाटे सोडून देतो. तो पक्षी मांजराच्या तोंडी जातो.

वनखात्याने अशा पक्ष्यांसाठी शिक्षेविना स्वीकाराची मुदत जाहीर करावी व त्यांच्या देखभालीची सोय आधी करावी. नगरपालिकांनीही प्राणिविक्रीच्या दुकानांकडे २०१८च्या नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी आहे की नाही, एवढे तरी विचारावे. तिथे मुभा कशास आणि मनाई कशास, याची मराठी यादी दर्शनी भागी लागली, तर निम्मे गुन्हे गल्ल्यापाशीच थांबतील.