त्याग शिकवला, सातबारा नाही



माणिकपूरच्या सेंट मायकल चर्चच्या परिसरात मी वाढले आणि नन चालवत असलेल्या मुलींच्या शाळेत शिकले. शाळेचे ऋण मी नाकारणार नाही. भाजीची टोपली घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईचा बाजार गाठणाऱ्या आजीची नात त्या शाळेमुळेच पदवीधर झाली. शिवाय लग्नाशिवायही बाई मानाने जगू शकते, हे आम्ही प्रथम सिस्टरांकडे पाहून शिकलो. मुख्याध्यापिका बाई, हिशेब पाहणारी बाई, कंत्राटदाराला जाब विचारणारीही बाई! आमच्या घरांत असे दृश्य नव्हते.

पण दहा वर्षे आमच्या कानावर काय पडत होते? शिस्त, सेवा, नम्रता आणि त्याग. यामागे केवळ एखाद्या सिस्टरचा स्वभाव नव्हता, एक विचार होता. पोप अकरावे पायस यांनी १९२९ च्या शिक्षणविषयक परिपत्रकात सहशिक्षणाला विरोध केला. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये, शिक्षण हा प्रत्येक माणसाचा कोणालाही हिरावून घेता न येणारा हक्क आहे, असे जाहीर केले. ही मोठीच गोष्ट. मात्र त्याच घोषणापत्रात शिक्षकांना असेही सांगितले आहे की, कुटुंबात आणि समाजात ईश्वराने स्त्री-पुरुषांना नेमून दिलेली भूमिका ध्यानात ठेवावी. एका हाताने हक्क दिला, दुसऱ्या हाताने चौकट आखली.

या चौकटीची किंमत मला फार उशिरा कळली. वडील वारले तेव्हा मृत्युपत्र नव्हते. वाडीला लागून इमारती उभ्या राहत होत्या, जमिनीला सोन्याचा भाव आला होता. आम्ही तिघी बहिणी, तिघी त्याच शाळेतल्या. भावाने हक्कसोडपत्र पुढे केले आणि आम्ही शाळेने घोटवून घेतलेल्या वळणदार अक्षरात सह्या केल्या. धाकटी म्हणाली, "दादाशी वाद कशाला?" आईनेही सही केली.

कायदा काय सांगतो? भारतीय वारसा कायदा, १९२५ प्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या ख्रिस्ती पुरुषाच्या मालमत्तेतला एक तृतीयांश वाटा विधवेचा, आणि उरलेला मुलगे व मुली यांत सारखा. हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क देशभर मिळायला २००५ साल उजाडले. आमच्याकडे समान वाटा कागदावर कितीतरी आधीपासून होता. आम्हाला कोणी तो वाचून दाखवला नाही.

कोणी म्हणेल, यात शाळेचा काय दोष? इतर शाळांतून शिकलेल्या मुलीही अशाच सह्या करतात. खरे आहे. पण आम्ही केवळ परीक्षार्थी नव्हे, संपूर्ण माणूस घडवतो, असे ही शाळा म्हणते. म्हणून हा प्रश्न तिला विचारायचा. घटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या संस्था स्वतः चालवण्याचा हक्क दिला आहे. मूल्यशिक्षणाच्या तासाला काय शिकवायचे, हे ठरवताना सिस्टरांचा हात कोण धरणार आहे?

वसई-विरारमध्ये काम करणाऱ्या गटांना माझी एक सूचना आहे. आपण या शाळांत जाऊ या, भांडायला नव्हे, एक तास मागायला. नववीच्या मुलींना घरचा सातबारा आणायला सांगू या. त्यावर कोणाची नावे आहेत, आईचे आहे का, आत्याचे का नाही, हे त्यांनाच शोधू द्या. हक्कसोडपत्र म्हणजे काय, ते तिथेच वाचू या.

शाळेने त्याग शिकवू नये असे मी म्हणत नाही. पण जे आपले आहे हे ठाऊकच नाही, ते सोडण्याला त्याग कसे म्हणायचे? आधी हक्क शिकवा. मग सोडायचे की राखायचे, ते मुली ठरवतील.