तारे वाटणारे कोण?

शुक्रवारी पिच्चर लागतो आणि लगेच पेपरात तारे उगवतात. कुणाला साडेतीन, कुणाला दोन, कुणाला चार. तारे वाटणारा माणूस कोण, कुठल्या गल्लीत राहतो, कुणाच्या पंगतीत जेवतो, हे आपल्याला ठाऊक नसतं. तो फुकटच्या पासावर एसीत बसून पिच्चर बघतो आणि आपण तिकिटाला पैसे घालावेत की नाही ते ठरवतो. आता मोबाईलवर तर नावाशेजारीच आकडा छापलेला असतो. दहापैकी आठ. दहापैकी सहा. पिच्चर सुरू व्हायच्या आधीच निकाल लागलेला.

कुणी म्हणेल, आकडाच तर आहे, एवढं काय त्यात? दोस्तांनो, गोदीत काम करणाऱ्याला आकड्याची किंमत विचारा. जहाजातून स्लिंग खाली येते तेव्हा कडेला वही घेऊन एक जण उभा असतो. त्याच्या वहीत जेवढं चढलं तेवढंच उतरलं, बाकी सगळं वारा. एका कंत्राटदाराच्या वहीत आमच्या टोळीच्या दोन पाळ्या चढल्याच नाहीत. पाठ साक्षीला होती, हातावरचे वळ साक्षीला होते. पण पाठीची साक्ष कोण काढतो? वही ज्याच्या हातात, हिशेब त्याचा.

सिनेमाचा हिशेब आजवर असाच झालाय. घाम आपला, कथा आपली, पडद्यावर मरणारा माणूस आपला आणि मोजणी दुसऱ्याची. म्हणून मी माझी वही केली. मी गगनबावड्याचा. खाली करूळ घाट, वर ५५ किलोमीटरवर कोल्हापूर, आणि मधे चार महिने नुसता पाऊस. शिक्षण मॅट्रिक. ताऱ्यांची भाषा मला कळत नाही. मला मार्कांची कळते. शंभरपैकी मार्क, पस्तीसला पास. नापास म्हणजे नापास, तिथं अर्धा तारा नसतो.

माझ्या पेपरात प्रश्न तीनच. पहिला, कॅमेरा कुठं उभा आहे? वाड्याच्या ओसरीवर की वस्तीच्या उंबऱ्यावर? दुसरा, गाठ कोण सोडवतो? ज्याच्या गळ्यात फास आहे तो, की वरून उतरलेला कुणी दयाळू? तिसरा, पिच्चरला काम ठाऊक आहे का? म्हणजे ओझं उचलताना गुडघा कसा वाकतो, गटारात उतरायच्या आधी माणूस काय बघतो, हे बनवणाऱ्याला माहीत आहे का? गाणी, फोटोग्राफी, नटनट्या हे सगळं मला आवडतं. पण ते मी या तीन प्रश्नांच्या नंतर बघतो.

सुरुवात घरापासून करू. मराठी सिनेमाचं माहेर म्हणून कोल्हापूर मिरवतं, आणि मिरवावं असं आहेच. बाबूराव पेंटर मिस्त्रीकाम करणाऱ्या घरातला माणूस. त्यांनी स्वतःचा कॅमेरा घडवला, तानीबाई कागलकर या गाणाऱ्या बाईनं भांडवल दिलं आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आला. हात आणि पैसा दोन्ही प्रस्थापितांच्या बाहेरून आले, हे समीक्षकांनी ठळक लिहायला पाहिजे होतं. पण त्याच १९२० सालची दुसरी तारीख बघा. २१ आणि २२ मार्चला कोल्हापूर संस्थानात माणगावची परिषद भरली. शाहू महाराज तिथं आले आणि बाबासाहेबांना त्यांनी जगासमोर पुढारी म्हणून उभं केलं. कोल्हापुरात कॅमेरा होता, पण तो विराट राजाच्या दरबाराकडं तोंड करून बसला होता. कीचक पडद्यावर मेला. माणगावात माणूस उभा राहिला, तो रिळावर आलाच नाही. माझ्या वहीत हा पहिला शेरा.

पुढं १९२५ मध्ये पेंटरांनीच ‘सावकारी पाश’ काढला. देव-राक्षस बाजूला ठेवून कर्जात बुडालेला शेतकरी, जमीन जाते, तो शहरात मजुरीला येतो. शेतकरी झाला होता व्ही. शांताराम. हा माझ्या बापजाद्यांचा रस्ता. बावड्याहून मुंबईला आलेल्या प्रत्येकाचा रस्ता. पण त्या मूकपटाची प्रत आज बघायला मिळत नाही. मार्क कसे देऊ? निकाल राखून ठेवला.

‘संत तुकाराम’, १९३६, प्रभातचा. कंपनी कोल्हापुरात १९२९ मध्ये सुरू झाली, १९३३ मध्ये पुण्याला गेली. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल. व्हेनिसला नाव झालं म्हणून लोक विष्णुपंत पागनीसांच्या डोळ्यांतल्या भक्तीचं कौतुक करतात. करू देत. मी मार्क देतो ते जिजाईला, म्हणजे गौरी या नटीला. पोर आजारी पडतं तेव्हा ही बाई त्याला ओढत देवळात नेते आणि देवावर पायताण उगारते. नवरा विमानात बसून वैकुंठाला निघतो, हिलाही चल म्हणतो. ही म्हणते जा, मला पोरांचं खायला बघायचंय. अख्ख्या पिच्चरमध्ये चूल पेटवायची काळजी एकटीला. भक्ती नवऱ्याची आणि कष्ट हिचे, हे त्या कॅमेऱ्याला दिसलं होतं, दिग्दर्शकाच्या मनात असो नसो. सत्तर मार्क. त्यातले साठ जिजाईचे.

त्याच साली बॉम्बे टॉकीजचा ‘अछूत कन्या’. रेल्वे फाटकावाल्याची पोरगी कस्तुरी आणि ब्राह्मणाचा पोरगा प्रताप. देविका राणी, अशोक कुमार. शेवटी कस्तुरी गाडी थांबवायला रुळावर धावते आणि चिरडून मरते. पोरगी मेली की समाजाचा पेच सुटला, लोकांनी डोळे पुसायचे आणि घरी जायचं. १९३६ मध्ये विषयाला हात घातला म्हणून कौतुक, पण पास होण्यासाठी मरावं लागत असेल तर पेपरच खोटा. तीस. नापास.

बिमल रॉयचा ‘सुजाता’, १९५९. नूतन काय काम करते राव, शब्द नाही. पण पोरगीला घरची म्हणायला आईला तिचं रक्त घ्यावं लागतं. रक्त जुळलं म्हणून माणूस ठरली. नसतं जुळलं तर? चाळीस. त्यातले तीस नूतनचे.

आता माझ्या धंद्यातला पिच्चर. ‘दीवार’, १९७५. आमच्या टोळीत असा एक माणूस नाही ज्याला ‘दीवार’ पाठ नाही. खांद्यावर दोरी, दंडाला ७८६ चा बिल्ला, आणि हमालांकडून हप्ता घेणाऱ्यांना विजय गोदामात कोंडून हाणतो. त्या वेळी छाती फुगते हे खरं. सलीम-जावेदनी एक गोष्ट अचूक पकडली : फेकलेला पैसा उचलायचा नाही. पोरगं बूट पुसतं पण नाणं हातात घेतं. ज्याच्यापुढं कुणी पैसे फेकलेत त्यालाच त्या सीनचं वजन कळतं.

पण पुढं बघा. विजयनं मारामारी केली, आणि दुसऱ्याच दमात तो कोट घालून स्मगलरांच्या टेबलावर गेला. गोदीतली बाकीची माणसं गेली कुठं? ज्यांच्यासाठी मारलं त्यांचं नाव तरी पुढं निघतं का? मुंबईच्या गोदीत हप्ता मोडला, हजेरी पक्की झाली, ती एका माणसाच्या ठोशानं नाही. संप झाले, युनियन झाल्या, १९४८ मध्ये गोदी कामगारांचा कायदा झाला. पी. डिमेलोंचं नाव गोदीच्या कुंपणालगतच्या रस्त्याला आहे, तो माणूस सिनेमात दिसतो का? ‘दीवार’मध्ये युनियनचा पुढारी आहे, विजयचा बाप. तो बायकापोरांसाठी सही करून बसतो आणि तोंड लपवून पळतो. म्हणजे संघटना केली की बदनामी, एकट्यानं हाणलं की टाळ्या. हा धडा आमच्या दोन पिढ्यांनी टाळ्या वाजवत गिळला. आज कंत्राटात एकएकटे राबतो तेव्हा प्रत्येकाच्या डोक्यात तो एकटा विजय असतो. पंचावन्न मार्क. आवडता पिच्चर आहे म्हणून वाढवणार नाही.

ऐंशीच्या दशकाच्या तोंडावर समांतर सिनेमावाले आले. ‘आक्रोश’, १९८०, निहलानींचा, लेखक तेंडुलकर. ओम पुरीचा लहान्या भिकू जवळजवळ पूर्ण पिच्चरभर गप्प. वकील बोलतो, पुढारी बोलतात, ज्याची बायको गेली तो मुका. शेवटी किंकाळी. त्या किंकाळीला साठ मार्क. पण मला विचारायचंय, लहान्याला शब्द का नव्हते? की लिहिणाऱ्याकडं लहान्याचे शब्द नव्हते? सत्यजित राय यांचा ‘सद्गती’, १९८१, दूरदर्शनसाठी केलेला, लांबीनं छोटा. दुखी लाकूड फोडतो, फुटत नाही, उपाशीपोटी मरतो. त्यात काम दिसतं. कुऱ्हाड गाठीवर आदळून परत येते ती तुमच्या मनगटात जाणवते. आणि मेलेल्याला दोरीनं ओढून नेणारा पंडित. पासष्ट.

आणि मग ‘फँड्री’. थेटरात आला १४ फेब्रुवारी २०१४ ला. नागराज मंजुळेनं कॅमेरा उचलून सरळ वस्तीच्या उंबऱ्यावर ठेवला. जब्याचं घर डुक्कर धरायला लागतं आणि गाव गंमत बघायला जमतं. डुकरामागं धावताना शाळेतनं राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे थांबतात. डुक्कर मात्र थांबत नाही. मेलेलं डुक्कर बांबूला टांगून नेताना मागच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा. एक शब्द बोललेला नाही आणि सगळं बोलून झालंय. शेवटी जब्याचा दगड येतो तो थेट आपल्या तोंडावर. मी बघणाऱ्यांत बसलो होतो, मलाही लागला. तिन्ही प्रश्नांना उत्तर आहे. नव्वद. दहा का कापले? पुढच्या पोरांसाठी जागा ठेवली.

‘सैराट’, २०१६. लोक गाण्यावर नाचले, पैसे उधळले आणि शेवटी रक्ताची पावलं बघून मुकाट बाहेर पडले. पंच्याहत्तर. त्याचा हिंदी अवतार ‘धडक’, २०१८. जात काढून टाकली आणि तलावाकाठचे महाल दाखवले. वीस. गाभा काढून टरफल विकणं हा जुना धंदा आहे.

चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ २०१५ मध्ये लागला. शाहीर नारायण कांबळेचं काम वीरा साथीदारांनी केलं, ते २०२१ मध्ये कोरोनात गेले. गटारात मेलेल्या कामगाराची बायको कोर्टात सांगते की नवरा उतरायच्या आधी खाली दगड टाकून झुरळ दिसतं का बघायचा. झुरळ दिसलं म्हणजे हवा बरी. हे ज्याला ठाऊक आहे त्याला काम ठाऊक आहे. ऐंशी.

‘झुंड’, २०२२. बच्चनच्या पात्राचं नाव परत विजय. सत्तेचाळीस वर्षांनी हा विजय ठोसा मारत नाही, फुटबॉल देतो, आणि भीमजयंतीच्या गर्दीत बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं उभा राहतो. वस्ती आणि कॉलेज यांच्यामधे पुन्हा एक भिंत आहेच. पण गाठ सोडवायला पुन्हा मास्तरच लागला. पोरं मात्र अस्सल, सत्तर.

आता आपल्याच लोकांशी दोन शब्द. निळा झेंडा दिसला की आपण डोळे मिटून शंभरपैकी शंभर देतो. हा आळस आहे. ‘जय भीम’, २०२१, तमिळ. नावासाठी एकही मार्क नाही. गाठ वकिलानं सोडवली, त्याचे मार्क कमीच. पण सेंगेनी पोलिसांच्या जीपमध्ये बसायला नकार देते आणि जीप तिच्यामागून चालत येते, तिथं पिच्चर तिचा झाला. पासष्ट. आणि ‘फुले’, २०२५. ११ एप्रिलला येणार होता, हरकती झाल्या, २५ एप्रिलला आला. मधे सेन्सॉरनं ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ असे शब्द काढायला लावले. म्हणजे जोतिबांच्या गोष्टीत ज्यांच्यासाठी जोतिबा लढले त्यांचंच नाव नको. उत्तरपत्रिकेची पानं सुपरवायझरनं फाडली, मार्क कुणाला देऊ? हाही निकाल राखून ठेवला.

शेवटचा नवा पिच्चर, नीरज घेवानचा ‘होमबाउंड’, सप्टेंबर २०२५. चंदन आणि शोएब, दोघांना पोलिसात भरती व्हायचंय. वर्दी मिळाली की लोक आडनाव विचारणार नाहीत असं त्यांना वाटतं. चंदन फॉर्मवर जात लपवतो. त्याची आई शाळेत स्वयंपाकाला लागते तर तिच्या हातचं नको म्हणून पालक उठतात. मग सुरतेची गिरणी, मग लॉकडाऊन, मग रस्ता, आणि रस्त्यावर चंदनचा देह मांडीवर घेतलेला शोएब. ‘सावकारी पाश’मधला शेतकरी शहरात आला होता, शंभर वर्षांनी त्याचा पणतू शहरातून परत निघाला आणि पोचला नाही. कॅमेरा जागेवर आहे, काम ठाऊक आहे. ऐंशी.

पांढरपेशे म्हणतील, कलाकृतीला असं मापायचं नसतं. मग तुमचे तारे काय आकाशातून पडतात? तुम्हीही मापताच. तुमच्या फुटपट्टीवर इंच कुणी आखले ते तुम्ही सांगत नाही, मी माझे तीन प्रश्न उघड मांडलेत. खोडून काढा, भांडा.

आणि तुम्ही, हॉस्टेलच्या खोलीत, चाळीच्या जिन्यावर, लोकलच्या दारात हे वाचणारे, तुम्ही माझे मार्क पाठ करू नका. ‘दीवार’ला तुम्ही ऐंशी द्याल, ‘सुजाता’ला शून्य द्याल, द्या. पण का दिले ते लिहा. दहा रुपयांची वही आणा, तारीख घाला, पिच्चरचं नाव घाला, तुमचे प्रश्न तुम्ही आखा. चार जणांत बसून वाचून दाखवा, मार्कांवरनं शिव्यागाळ होऊ द्या. पुढच्या शुक्रवारी पेपरात तारे उगवतील तेव्हा शेजारी आपली वही उघडी असली पाहिजे.