गाण्याला आईबाप असतात

आम्हां मराठी लेखकांची एक गंमत आहे. मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधू’चा शके १११० हा काळ खरा की खोटा, यावर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या भांडू; आणि भांडलोही आहोत. अंबाजोगाईला दासोपंतांनी कापडावर लिहिलेली पासोडी दाखवताना आमचा ऊर भरून येतो. पण कालपरवा घराघरांत वाजलेले एखादे गाणे लिहिले कोणी, चाल लावली कोणी, असे विचारले, की आमचे उत्तर ठरलेले : “असेल कोणीतरी!” या ‘असेल कोणीतरी’विरुद्ध मला आज चार शब्द बोलायचे आहेत. आणि त्यासाठी साक्षीला बोलावणार आहे कोरियातल्या चार गाणाऱ्या मुलींना. वाचकांनी दचकू नये.

आमच्या बीड जिल्ह्यात सध्या शिक्षक-पालकांची एक सार्वत्रिक तक्रार आहे, की पोरी कोरियन गाण्यांनी वेड्या झाल्या. माझ्याही वर्गात या वेडाची लागण आहे. पण या वेडात एक शहाणपण दडलेले आहे, ते आम्ही बघायला तयार नाही. ‘ब्लॅकपिंक’ या चौघींचा ‘बॉर्न पिंक’ नावाचा अल्बम १६ सप्टेंबर २०२२ रोजी निघाला. त्यात गाणी आठ. विकिपीडिया नावाच्या, कोणीही लिहावे आणि कोणीही दुरुस्त करावे अशा ज्ञानकोशात त्याचे इंग्रजी पान उघडून पाहा. प्रत्येक गाणे किती मिनिटे, किती सेकंद. शब्द कोणाचे, चाल कोणाची, ध्वनिमुद्रण कोणत्या कंपनीचे, सारे मांडलेले. विधानांना पुरावे जोडलेले. हे लिहिणारे पगारी नोकर नव्हेत. जगभरची हौशी मंडळी आहेत.

त्यांची काटेकोर वृत्ती पाहण्यासारखी आहे. कोरियात अल्बमांच्या खपाची जी यादी लागते, तिचे नाव २०२२ च्या जुलैपर्यंत ‘गाओन’ होते, मग ते ‘सर्कल’ झाले. म्हणून २०२० च्या अल्बमापुढे ‘गाओन’च लिहायचे, आजचे नाव मागे नेऊन चिकटवायचे नाही. निजामी अमलातला कागद ‘मोमिनाबाद’ म्हणत असेल, तर नोंदीत मोमिनाबाद लिहावे आणि पुढे ‘म्हणजे आजचे अंबाजोगाई’ असा खुलासा करावा, तसेच हे. शिवाय त्या यादीतला आकडा कंपनीने दुकानांकडे धाडलेल्या प्रतींचा असतो, त्यातून परत आलेल्या वजा करून. लोकांनी विकत घेतलेल्या प्रतींचा नव्हे. हा भेद न सांगता ‘एवढ्या विकल्या’ म्हणून ठोकून देणे ही तिथे चूक धरली जाते. आमच्याकडे ती जाहिरात असते!

आता घरी या. ‘गीतरामायण’ घ्या. यावर तरी दुमत नसावे. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या मुहूर्तावर, पुणे आकाशवाणीवरून पहिले गीत गेले. बावन्न आठवड्यांचा बेत होता. त्या साली अधिक महिना आला आणि गीते छप्पन्न झाली. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचे. इथवर सगळे पाठ. पण ही गीते गायली कोणी? दहा जणांना विचारा, नऊ जण म्हणतील, “बाबूजींनी!” आकाशवाणीवरच्या मूळ प्रक्षेपणात बाबूजींखेरीज माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते, मालती पांडे होत्या, लता मंगेशकर होत्या. पुढे घराघरांत पोचल्या त्या बाबूजींच्या एकट्याच्या आवाजातल्या मुद्रिका, आणि त्यांच्या लोकप्रियतेखाली बाकीचे आवाज दबून गेले. बाबूजींचे मोठेपण यात उणे होत नाही. पण प्रक्षेपण एक आणि मुद्रिका दुसरी. दोन्ही एकाच ओळीत कोंबल्या, की कोणाचा तरी आवाज चोरीला जातो. कोरियन अल्बमाच्या दोन आवृत्त्या वेगळ्या ठेवणाऱ्या पोरीला हे एका मिनिटात कळते. आमच्या स्मरणिकांच्या संपादकांना कळत नाही.

दुसरे उदाहरण ‘साधी माणसं’चे. १९६५ चा चित्रपट. ‘ऐरणीच्या देवा’ त्यातलेच, शब्द जगदीश खेबूडकरांचे. श्रेयनामावलीत संगीतकार म्हणून नाव ‘आनंदघन’. हे आनंदघन म्हणजे लताबाई स्वतः, हे राज्य पुरस्काराच्या वेळी उघड झाले. मग नोंदीत काय लिहावे? नुसते ‘आनंदघन’ लिहिले तर लताबाई संगीतकार होत्या ही गोष्ट पुढच्या पिढीला कळणार नाही. नुसते ‘लता मंगेशकर’ लिहिले, तर त्यांनी ते नाव जाणूनबुजून बाजूला ठेवले होते, हे पुसले जाईल. दोन्ही लिहावे लागते. अवघे चार शब्द जास्त. पण त्या चार शब्दांचा आम्हांला कंटाळा.

जुन्या गायिका याबाबत आमच्यापेक्षा हुशार होत्या. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानने तबकडीसाठी गायले, आणि गाणे संपताच इंग्रजीत आपले नाव पुकारले. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला; तिथल्या कामगाराने चिठ्ठी चुकीची चिकटवू नये म्हणून ही खबरदारी. आमच्या संतांनी आणि शाहिरांनीही शेवटच्या चरणात नाव गुंफले ते उगाच नव्हे. वामनदादा कर्डकांची ‘वामन’ ही नाममुद्रा घ्या. हल्ली कार्यक्रमात वेळ नाही म्हणून शेवटचे कडवे गाळतात, आणि कडव्याबरोबर कवीही गळतो. मग गाणे ‘पारंपरिक’ ठरते! ‘पारंपरिक’ हा शब्द म्हणजे आमचे अनाथालय झाले आहे. आईबाप असलेली लेकरे तिथे नेऊन सोडायची.

आणि ज्यांना खरोखरच पारंपरिक म्हणावे, त्या जात्यावरच्या ओव्यांचे काय? आमच्याच माजलगाव तालुक्यात १९९६ साली हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांच्या चमूने ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. बाबासाहेबांवरच्या ओव्या, दलित वस्तीतल्या बायांनी गायलेल्या. महाराष्ट्रभरातून या मंडळींनी एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, आणि पुढे पी. साईनाथांच्या ‘पारी’ने त्या प्रसिद्ध केल्या, त्या गाणारणीचे नाव, गाव, तालुका, तारीख यांसकट. ओवी शतकानुशतके चालत आली असेल. पण त्या दिवशी ती गायली कोणी, याला उत्तर आहे. जिच्या नावाने कधी तबकडी निघाली नाही त्या बाईची नोंद होऊ शकते, तर ज्यांच्या शेकडो कॅसेटी निघाल्या त्यांची का नाही?

आमचे विद्वान यावर म्हणतात, “ज्ञानकोशात सिनेमाची गाणी? ज्ञानकोश म्हणजे काय पानपट्टीचे दुकान?” केतकरांचे तेवीस खंड आणि वाईचा विश्वकोश यांना माझा साष्टांग नमस्कार. पण कागदाला सीमा असते म्हणून निवड करावी लागते. विकिपीडियाला ती अडचण नाही. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून उघडा आहे. दार बंद केलेले नाही; आम्हीच ओट्यावर बसून आत काय घाण आहे याची चर्चा करतो.

तिथे जे जातात त्यांचीही तारीफच करावी असे नाही. कोणी गायकाच्या नावाआधी ‘सुप्रसिद्ध’, ‘स्वरसम्राट’, ‘लाडके’ अशा विशेषणांची तोरणे लावतो. कोणी अख्खे गाणेच उतरवतो. त्याचा हक्क कवीचा असतो, हे त्याच्या गावीही नसते. आणि सर्वांत वाईट खोड अशी : वृत्तपत्राने विकिपीडियावरून उतरवायचे, मग विकिपीडियाने पुरावा म्हणून तेच वृत्तपत्र दाखवायचे. तुझी साक्ष मी, माझी साक्ष तू! कोरियन गाण्यांचे भक्त यातून सुटले आहेत असे मुळीच नाही. आपल्या लाडकीचा खप फुगवणारे तिथेही आहेत. पण तिथे ‘चर्चा’ पानावर कोणीतरी उठून विचारतो, “पुरावा कुठे?” आणि ‘इतिहास’ पानावर कोणी काय बदलले ते तारीखवार राहते.

हा नुसता हौसेचा मामला आहे असेही समजू नका. २०१२ च्या कायदेदुरुस्तीने गीतकार-संगीतकाराला गाण्याच्या उत्पन्नात हक्काचा वाटा दिला. कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या शब्दांवर हक्क चालतो. ध्वनिमुद्रणावर ते प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षे. म्हणजे नाव चुकले तर वाटा भलत्याच्या घरी, आणि साल चुकले तर हिशेबच चुकला. विकिपीडिया काही न्यायालय नव्हे, पण आज पहिली चौकशी तिथेच होते.

येत्या चार दिवसांत घरोघरी माळे झाडले जातील. भारुडाच्या, कीर्तनाच्या, भीमगीतांच्या, वगनाट्याच्या जुन्या कॅसेटी खाली येतील आणि किलोच्या भावाने भंगारवाल्याकडे जातील. फीत खराब झाली असेल तर जाऊ द्या. पण डबीतला तो घडीचा कागद काढून घ्या. त्यावर कवीचे नाव असते, गायकाचे, साथीदारांचे. कंपनीचा क्रमांक असतो, कधी साल असते. त्या छोट्या कंपन्यांच्या गाण्यांना याखेरीज दुसरा पुरावा बहुधा नाही. कागद जपून ठेवा आणि त्यावर लिहिले आहे तेच, तितकेच, क्रमांकासह विकिपीडियाच्या पानावर नोंदवा. कसे नोंदवायचे ते कळत नसेल, तर घरातल्या त्या कोरियन गाणी ऐकणाऱ्या पोरीला विचारा. तिला येते.